डॉक्टरांची संघटना कोणासाठी बोलते? कल्याणच्या आनंदीबाईंपासून रुग्णहक्कांच्या सनदेपर्यंत

१९८० च्या दशकात मुंबईच्या उपनगरी गाड्यांच्या डब्यांत गर्भजल परीक्षणाच्या जाहिराती लावलेल्या असत. पुढे मुलीच्या लग्नात लाखो रुपये मोजण्यापेक्षा आज काहीशे रुपये मोजलेले बरे, असा त्यांचा उघड आशय. ठाणे, डोंबिवली, कल्याणहून रोज मुंबईस जाणाऱ्या माणसाला तेव्हा त्यात बेकायदा असे काही दिसले नसते, कारण ते बेकायदा नव्हतेच.

ती परीक्षणे करणारे डॉक्टर होते. ती थांबवावीत म्हणून रस्त्यावर उतरलेल्यांतही डॉक्टर होते.

आजचा धागा या दुसऱ्या प्रकारच्या डॉक्टरांविषयी आहे. आरोग्यसेवा न्याय्य असावी, ती सर्वांपर्यंत पोहोचावी आणि टिकावी, असे आज प्रत्येक वैद्यकीय संघटना म्हणते. परंतु या मागणीमागे सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो एकसुरी नाही. डॉक्टरांचे हित आणि रुग्णांचे हित कधी एका दिशेने गेले, कधी समोरासमोर आले. धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

सुरुवात कल्याणातूनच करू. ३१ मार्च १८६५ रोजी येथे यमुना जोशी जन्मली. नवव्या वर्षी लग्न झाले आणि ती आनंदीबाई झाली. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला. तो दहा दिवसच जगला. आपल्या बाळाला योग्य उपचार मिळाले नाहीत, ही सल तिच्या पुढच्या साऱ्या निर्णयांच्या मुळाशी आहे. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर (बंगाल) येथे भर सभेत तिने आपण अमेरिकेस का जात आहोत, हे सांगितले. तिच्या म्हणण्याचा गाभा असा, की या देशातील स्त्रिया पुरुष डॉक्टरांपुढे मोकळेपणी आपले दुखणे सांगू शकत नाहीत, म्हणून स्त्री डॉक्टर हव्यात. दवाखाना उघडा असणे आणि त्याचे दार रुग्णासाठी उघडे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आज ज्याला आपण 'सर्वसमावेशक आरोग्यसेवा' म्हणतो, तिचा हाच पहिला धडा, आणि तो एका सतरा वर्षांच्या मुलीने दिला.

मार्च १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून ती डॉक्टर झाली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री-विभागाची जबाबदारी तिला देऊ केली गेली होती. ती घेण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधी, पुण्यात तिचे निधन झाले.

आनंदीबाई एप्रिल १८८३ मध्ये अमेरिकेच्या बोटीत बसली, त्याच वर्षी मुंबईत बॉम्बे मेडिकल युनियन स्थापन झाली. हा निव्वळ योगायोग, पण लक्षात ठेवावा असा. ही मुख्यतः हिंदी डॉक्टरांची संघटना. त्यांचे दुखणे खरे होते. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ पासून हिंदी डॉक्टर घडवीत होते. तरी मोठ्या रुग्णालयांतील आणि महाविद्यालयांतील वरच्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांकडे, म्हणजे बहुतांशी गोऱ्यांकडे, जात. त्याविरुद्ध बोलणे हे न्यायाचेच काम होते. तरीही एक भेद दिसतो. आनंदीबाईचा प्रश्न होता, रुग्णाला डॉक्टर मिळतो का? युनियनचा प्रश्न होता, डॉक्टरला जागा मिळते का? दोन्ही प्रश्न रास्त. पण ते एकच नव्हेत. पुढची सगळी कथा या दोन प्रश्नांच्या अंतरातून जाते.

१९१२ च्या मुंबई वैद्यक कायद्याने डॉक्टरांची नोंदवही आली. १९२८ मध्ये कलकत्त्यास अखिल भारतीय वैद्यक परिषदेत देशव्यापी संघटना उभी राहिली. तिचीच पुढे इंडियन मेडिकल असोसिएशन, म्हणजे आपली परिचित आयएमए झाली. ठाणे, कल्याण, डोंबिवली येथे आज तिच्या शाखा आहेत.

येथे थोडे थांबून एका विस्मृत वादाकडे वळू. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी गावोगाव 'एल.सी.पी.एस.' किंवा 'एल.एम.पी.' अशी पाटी असलेले डॉक्टर असत. हे पदवीधर नव्हेत. कमी मुदतीचा अभ्यासक्रम पुरा करून परवाना मिळालेले 'लायसेन्शिएट'. १९३३ च्या इंडियन मेडिकल कौन्सिल कायद्याने अखिल भारतीय मान्यतेच्या चौकटीतून त्यांना बाहेर ठेवले. खेडी आणि लहान शहरे ज्यांच्या आधारावर जगत, तेच दुय्यम ठरले.

ऑक्टोबर १९४३ मध्ये सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्य समिती नेमली गेली. १९४६ च्या तिच्या अहवालातील आकडे आजही वाचणाऱ्याला चटका लावतात. ब्रिटिश हिंदुस्थानात नोंदणीकृत डॉक्टर सुमारे ४७,५००. त्यांतील जवळजवळ ३०,००० लायसेन्शिएट. सरासरी ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणी उपचारांवाचून राहू नये, हे तत्त्व समितीने स्पष्ट शब्दांत मांडले. भारताच्या आरोग्यविचारात इतके निःसंदिग्ध वाक्य त्यापूर्वी क्वचितच कोणा सरकारी कागदावर आले असेल.

आणि त्याच समितीने सुचवले, की यापुढे एकाच दर्जाचा, पदवीधर डॉक्टर असावा. लायसेन्शिएट अभ्यासक्रम बंद करावा. संघटित वैद्यक व्यवसायाला हेच हवे होते. सहा सदस्यांनी मात्र भिन्न मत नोंदवले: डॉक्टरांचा एवढा तुटवडा असताना ही वाट बंद करू नये. बहुमत जिंकले. वैद्यक शाळांची महाविद्यालये झाली, पुण्याची बी. जे. वैद्यक शाळा १९४६ मध्ये महाविद्यालय झाली, ते याच वाऱ्याचे फळ.

कोण बरोबर होते? दर्जाचा आग्रह धरणाऱ्यांना खोटे ठरवणे सोपे नाही. गरिबाला कमी शिकलेला डॉक्टर का द्यावा, हा त्यांचा सवाल बिनतोड आहे. परंतु पदवीधर डॉक्टर खेड्यात जाईल याची व्यवस्था कोणी केली नाही. माझ्या मते चूक दर्जा वाढवण्यात नव्हती. वाढलेला दर्जा गावापर्यंत नेण्याची जबाबदारी कोणावरच टाकली गेली नाही, तेथे होती. मुरबाड-शहापूरचा रुग्ण आजही कल्याण-ठाण्याची वाट धरतो, त्यामागे अनेक कारणे आहेत. त्यांतील एक १९४६ इतके जुने आहे.

स्वातंत्र्यानंतर हा पट्टा झपाट्याने बदलला. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत सिंधी निर्वासित आले आणि उल्हासनगर उभे राहिले. साठच्या दशकात वागळे इस्टेट, डोंबिवली, अंबरनाथ येथे कारखाने वाढले. कामगारांसाठी ठाण्यात व उल्हासनगरात राज्य कामगार विमा योजनेची रुग्णालये आली. १ ऑक्टोबर १९८३ रोजी कल्याण-डोंबिवली महापालिका झाली. लोकसंख्या मात्र सार्वजनिक रुग्णालयांच्या कितीतरी पुढे धावली. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीत साडेबारा लाखांच्या आसपास आणि ठाणे शहरात अठरा लाखांहून अधिक माणसे मोजली गेली. कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर ही महापालिकेची रुग्णालये एवढा भार कसा पेलणार? उरलेली जागा खासगी दवाखान्यांनी आणि दहा-वीस खाटांच्या शुश्रूषागृहांनी भरली. येथल्या मध्यमवर्गीय कुटुंबाचा खरा आरोग्यविभाग म्हणजे चाळीच्या किंवा सोसायटीच्या तळमजल्यावरचा फॅमिली डॉक्टर. या शुश्रूषागृहांवर कायदा होता तो १९४९ चा, मुख्यतः नोंदणीपुरता.

आता १९७४. जयप्रकाशांच्या आंदोलनाचे दिवस. त्या वातावरणात काही तरुण डॉक्टरांनी आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन मेडिको फ्रेंड सर्कल स्थापन केले. नावातच 'मित्र' आहे आणि ते नेमके आहे. ना मोठी कचेरी, ना हजारोंची सदस्यसंख्या. वर्षाकाठी एक बैठक, त्यात मनसोक्त वाद, आणि १९७६ पासून निघणारी एक साधी पत्रिका. पुण्याचे डॉ. अनंत फडके यांच्यासारखे कार्यकर्ते त्यात दीर्घकाळ राहिले. या मंडळींनी आपल्याच व्यवसायाला अडचणीचे प्रश्न विचारले. इतकी औषधे का? इतकी इंजेक्शने का? डॉक्टर शहरातच का? १९८४ च्या डिसेंबरात भोपाळची वायुदुर्घटना झाली. तीन-चार महिन्यांत या मंडळाने तेथे जाऊन रुग्णांची पाहणी केली. सरकार व कंपनी बोलत नसताना डॉक्टरांनी वस्त्यांत बसून माहिती गोळा करणे, ही या संघटनेची कामाची रीत.

व्यावसायिक संघटना सभासदांच्या वर्गणीवर चालते, म्हणून तिला सभासदांचे हित पाहावेच लागते. त्यात वावगे काही नाही; वकिलांची, शिक्षकांची संघटनाही तेच करते. पण सभासदच ज्या प्रथेतून कमावतात तिच्याविरुद्ध अशी संघटना कितपत बोलेल? मेडिको फ्रेंड सर्कलला राखायला गल्ला नव्हता, हेच तिचे बळ ठरले.

ही कसोटी लवकरच लागली. गर्भजल परीक्षणाचे तंत्र खरे तर गर्भातील जन्मजात व्याधी ओळखण्यासाठी. आपल्याकडे ते मुलगी ओळखण्यासाठी वापरले जाऊ लागले. १९८५-८६ च्या सुमारास मुंबईत स्त्री-संघटना, मेडिको फ्रेंड सर्कलचा मुंबई गट, वकील आणि संशोधक यांनी मिळून लिंगनिदानविरोधी मंच उभारला. मोर्चे, पोस्टर प्रदर्शने, सभा, वृत्तपत्रांतून लेख असे सर्व मार्ग झाले. परंतु या लढ्याचे सर्वांत प्रभावी हत्यार एक पाहणी ठरली.

राज्याच्या आरोग्य खात्याच्या सांगण्यावरून १९८६ मध्ये डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतील ५० स्त्रीरोगतज्ज्ञांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतील ४२ जण, म्हणजे ८४ टक्के, लिंगनिदानासाठी गर्भजल परीक्षण करीत असल्याचे आढळले. त्यांतील बहुतेकांना आपण काही गैर करतो असे वाटतही नव्हते. मुली नकोशा झालेल्या बाईची आपण माणुसकीच्या भावनेने मदत करतो, अशी त्यांची समजूत होती.

या एका पाहणीने वादाची जमीनच बदलली. तोवर 'काही थोडे लोभी डॉक्टर' असे म्हणून विषय झटकता येत होता. आता दिसले, की प्रश्न प्रतिष्ठित, सुशिक्षित, मुख्य प्रवाहातल्या व्यवसायाचा आहे. आणि हे दाखवून देणारा बाहेरचा टीकाकार नव्हता. स्वतः डॉक्टर होता.

लढ्यातली एक सूक्ष्म गोष्ट तरुण वाचकांनी आवर्जून लक्षात घ्यावी. १९७१ च्या कायद्याने स्त्रीला विशिष्ट परिस्थितीत गर्भपाताची मुभा मिळाली होती. लिंगनिदानाला विरोध करताना ती मुभा धोक्यात येऊ नये, याची मंचाने कसोशीने काळजी घेतली. बंदी परीक्षणाच्या गैरवापरावर हवी, गर्भपातावर नव्हे, ही रेषा त्यांनी सोडली नाही. चिडलेल्या आंदोलनाला अशी रेषा सांभाळणे किती कठीण जाते, हे चळवळींचा इतिहास वाचणाऱ्यांना सांगायला नको.

विधिमंडळात मृणाल गोरे यांनी विषय लावून धरला. १९८८ मध्ये महाराष्ट्राने लिंगनिदानावर निर्बंध घालणारा कायदा केला. देशातला हा पहिलाच. कायद्यात भोके होती. खासगी केंद्रांना परवाना मिळण्याची वाट खुली राहिली, सामान्य नागरिकाला थेट न्यायालयाचे दार ठोठावता येईना, आणि परीक्षण करून घेणाऱ्या स्त्रीलाही दंड होता. तरी वाट पडली. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा झाला, १९९६ पासून तो अमलात आला. तोवर सोनोग्राफीची यंत्रे गल्लीबोळांत पोहोचली होती. अंमलबजावणी होत नाही म्हणून 'सेहत' आणि 'मासूम' या महाराष्ट्रातील संस्था व संशोधक साबू जॉर्ज यांनी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. तिच्या रेट्याने २००३ मध्ये कायदा कडक झाला.

आणि आकडे? महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या. २००१ मध्ये ९१३. २०११ मध्ये ८९४. पहिला कायदा करणाऱ्या राज्यातील ही घसरण आहे. तिच्याकडे पाहताना कायद्याचे कौतुक जरा आवरावे लागते.

दरम्यान दुसरी लढाई न्यायालयात चालू होती. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली डॉक्टर येतात का? आयएमएचे म्हणणे, नाही. वैद्यकी ही दुकानदारी नव्हे आणि चूक पारखायला वैद्यक परिषद समर्थ आहे. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी 'इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा या कायद्याच्या कक्षेत येते. ज्या रुग्णालयात काही रुग्ण पैसे देतात आणि काही विनामूल्य उपचार घेतात, तेथील विनामूल्य रुग्णही ग्राहकच. सर्वांनाच फुकट सेवा देणारी रुग्णालये मात्र वगळली गेली. पुढल्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने रुग्णाला त्याची वैद्यकीय कागदपत्रे दिलीच पाहिजेत असे ठरवले. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत त्यासाठी ७२ तासांची मुदत आली. आपण आज रुग्णालयात फाइलची प्रत मागतो तेव्हा हा इतिहास आपल्या बाजूने उभा असतो.

यात आयएमएला खलनायक ठरवण्याचा मोह होतो, तो टाळावा. तिची एक हरकत तरी गंभीर आहे. २०१० मध्ये केंद्राने रुग्णालयांच्या नियमनाचा कायदा केला, तेव्हा संघटनेचे म्हणणे होते, की मोठ्या कॉर्पोरेट रुग्णालयांना परवडणारी मानके डोंबिवलीतल्या दहा खाटांच्या शुश्रूषागृहावर लादली तर ते बंद पडेल आणि रुग्ण महागड्या साखळी-रुग्णालयाच्या दारात जाऊन उभा राहील. ही भीती अनाठायी नाही. मानके लहान रुग्णालयांना झेपतील अशी असावीत, हे रुग्णहक्कांचे पुरस्कर्ते डॉक्टरही सांगत आले. वाद अडला तो दरांवर आणि तक्रार-निवारणावर. महाराष्ट्राने तो केंद्रीय कायदा स्वीकारला नाही. राज्याच्या स्वतंत्र कायद्याचा मसुदा झाला, पण तोही कायदा होऊ शकला नाही.

शहराबाहेर याच काळात एक शांत प्रयोग चालला. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली आरोग्यसेवेवर लोकांनीच देखरेख ठेवण्याची योजना महाराष्ट्रात २००७ पासून सुरू झाली. निवडलेल्या पाच जिल्ह्यांत ठाणे होता. तेव्हा पालघर वेगळा झालेला नव्हता. गावकरी प्राथमिक आरोग्य केंद्राला गुण देत, आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांना त्यांच्यासमोर उत्तरे द्यावी लागत. समन्वयाचे काम पुण्याच्या 'साथी' या संस्थेकडे होते.

मग २०२० आले. २१ मे रोजी राज्य सरकारने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांचे दर ठरवून दिले: साध्या विलगीकरण कक्षास दिवसाला ४,०००, अतिदक्षता कक्षास ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. आयएमएच्या राज्य शाखेने त्यावर आक्षेप घेतला. संरक्षक पोशाख, प्राणवायू, जैववैद्यकीय कचरा यांचा खर्च यात भागत नाही, असे डॉक्टरांचे म्हणणे. रुग्णांचे नातेवाईक फुगलेली बिले घेऊन महापालिकेच्या दारी जात होते.

याच दिवसांत कल्याण-डोंबिवलीत निराळेही काही घडले. तेथील महापालिकेपाशी स्वतःचे डॉक्टर पुरेसे नव्हते. तिने आयएमए आणि इतर चिकित्सापद्धतींच्या संघटनांतील खासगी डॉक्टरांना हाक दिली आणि त्यांची 'डॉक्टर आर्मी' कोविडच्या कामात उतरली. आपापले दवाखाने चालवणारे ॲलोपॅथी, आयुर्वेद, होमिओपॅथीचे डॉक्टर एका सार्वजनिक कामात शेजारी-शेजारी उभे राहिले. जून २०२१ मध्ये केंद्राच्या स्मार्ट सिटी स्पर्धेत कोविड-नवोपक्रमाचा पुरस्कार कल्याण-डोंबिवली आणि वाराणसी यांना विभागून मिळाला. दरांवरून भांडणारी आणि हाक येताच धावून जाणारी संघटना एकच होती, हे इतिहास लिहिताना दोन्ही बाजूंनी नोंदवले पाहिजे.

परंतु हंगामी सेना कायमच्या खाटांची जागा घेत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये ठाणे महापालिकेच्या कळवा येथील रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. लाखोंच्या जिल्ह्याचा भार मूठभर सार्वजनिक रुग्णालयांवर आहे, ही वर्षानुवर्षांची गोष्ट त्या दोन दिवसांत साऱ्या राज्याला कळली.

या साऱ्या खटपटीतून एक कागद मात्र भिंतीवर आला आहे. २०१८ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने १७ रुग्णहक्कांची सनद तयार केली. आगाऊ रक्कम न मागता तातडीचे उपचार, कागदपत्रांची प्रत, दुसऱ्या डॉक्टरचे मत, औषधे व तपासण्या कोठून घ्यायच्या याचे स्वातंत्र्य हे त्यांतील काही. जनआरोग्य अभियानाच्या पाठपुराव्यानंतर जानेवारी २०२१ मध्ये राज्याने त्या १९४९ च्या जुन्या शुश्रूषागृह कायद्याचे नियम सुधारले. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक रुग्णालयाच्या दर्शनी भागी लावणे त्यामुळे बंधनकारक झाले. रामनगरमधील शुश्रूषागृह असो वा घोडबंदर रस्त्यावरचे मोठे रुग्णालय, नियम एकच आहे. पुढच्या वेळी जाल तेव्हा प्रवेशद्वारापाशी ती सनद शोधा. सापडली तर शेवटपर्यंत वाचा, आणि नसली तर स्वागतकक्षात विचारा.